श्वासाच्या डबीची एजन्सी

आता तारकर्लीपासून मालवणच्या धक्क्यापर्यंत जिकडे बघाल तिकडे पाट्या. समुद्राखाली चला, मासे बघा, फोटो काढा. खाली बारीक अक्षरात 'अधिकृत'. पोटं सुटलेली माणसं रबराचा झगा चढवतात, होडीच्या काठाला धरून चार मिनिटं बुडतात आणि वर येऊन दर्या जिंकल्यासारखी ओरडतात. ओरडू देत. त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण त्या 'अधिकृत' शब्दाशी आहे. तो शब्द मी माझ्या दुकानावर दहा महिने टांगला होता. त्याच्यासाठी मी काय केलं ते तेव्हा दोघांना पक्कं माहीत होतं. एक मी. दुसरी माझी बायको. ती गेली त्याला चार महिने झाले.

तेराव्याला माणसं जेवायला आली. एक जण हात धुता धुता म्हणाला, "माउली गरीब हो, उभ्या जन्मात कुणाला उलट शब्द नाही." हा तिच्याशी दोनदा बोलला असेल. ती उलट बोलायची, सुलट बोलायची, आणि तोंडावर बोलायची. दुसरा चष्मेवाला, शिकलेला, म्हणाला, "काकी कधी खोटं बोलल्या नाहीत." हे खरं आहे. पण त्याला ते माहीत नव्हतं. मेलेल्या माणसाबद्दल बोलायची एक ठरलेली यादी असते, ती तो वाचत होता. त्याला कुणी सांगितलं नसेल की ह्याच बाईला एकदा भर बंदरावर खोटं पाडलं गेलं, आणि पाडणारा तिचा नवरा होता. मी तिसरी शिकलेला माणूस. ज्याला ऱ्हस्व-दीर्घ तपासायचं असेल त्याने हे वाचू नये, दुसरं काही तपासावं.

आमचे लोक मूळचे दर्याचेच, पण आजोबा कधीतरी खाडीने वर खारेपाटणला गेले आणि तिथेच राहिले. मी तिथे जन्मलो. लहानपणी नदीच्या लोंढ्यात सापडलो, गटांगळ्या खाल्ल्या, कुणीतरी शर्टाला धरून ओढून काढलं. तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझं काळीज जाग्यावर राहत नाही. दर्यावर्दी जातीत जन्मून पाण्याला भिणारा माणूस म्हणजे काय ते तुम्हाला समजायचं नाही. होडीवर कुणी घेईना, म्हणून मी गॅसबत्त्या आणि स्टोव्ह दुरुस्त करायला शिकलो. पंपाचं कातडं, पिन, वायसर. पन्नास सालानंतर मालवणला बंदराच्या वाटेवर एक खोपटं घेतलं आणि तिथे बसलो. लग्न तिथेच झालं. ती बंदरावरचीच. खडकावरची कालवं काढायला बारा वर्षांची असल्यापासून जायची, आणि श्वास धरून खाली गेली की वर उभ्या असलेल्या माणसाचा जीव वरखाली व्हायचा, तिचा नाही.

आमच्या बंदरावर एक रीत होती. होडीचे सांधे भरणारा सुतार असतो. दुरुस्त केलेली होडी पहिल्यांदा पाण्यात लोटली की त्याने स्वतः तळाशी बसायचं, होडीचा मालक वाळूवर उभा. पाणी आत आलं तर आधी सुताराचं ढुंगण भिजतं, मग मालकाचं नशीब. ह्यात कागद नाही, सही नाही. पण भिजलेल्या ढुंगणाचा सुतार पुढच्या वेळी सांधा नीट भरतो. जगात जेवढे म्हणून दाखले आणि शिक्के मी पाहिले, त्यात ह्याच्याइतका खरा एकही नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. बंदराबाहेरच्या खडकांवर एक लोखंडी बार्ज बुडालेली होती. तिचं लोखंड काढायला मुंबईचा एक ठेकेदार आला. त्याने गावातले सहा पाणबुडे ठेवले, त्यात माझा मेव्हणा, बायकोचा पाठचा भाऊ. तीन पोरांचा बाप, छाती माशाच्या टोपलीएवढी. ठेकेदाराने त्यांना नवीन सामान दिलं. पाठीवर हवेची टाकी, टाकीच्या तोंडावर पितळी चपटी डबी, डबीतून दोन रबरी नळ्या निघून तोंडापाशी एकत्र. श्वास ओढला की हवा येते, सोडला की दुसऱ्या नळीने मागे जाते. साहेब लोक तिला रेग्युलेटर म्हणत. आमचे सगळे डबी म्हणत.

खारं पाणी म्हणजे पितळेचा काळ. दोन महिन्यांत डब्या हिरव्या पडल्या, एकेक अडकायला लागली. मुंबईला पाठवायची तर बोटीने जाणार, कुठल्यातरी टेबलावर पडून राहणार, महिन्याने येणार. मेव्हणा एक दिवस डबी घेऊन दुकानात आला आणि माझ्यासमोर आपटली.

"भावजी, ह्या तुमच्या इस्टोचाच भावंड आसा. बघा."

मी उघडली. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आत एक रबराचा पातळ पडदा, त्याच्यावर टेकलेली तरफ, एक स्प्रिंग आणि सुईच्या टोकाएवढी बैठक. बैठकीवर मिठाचा कण बसला होता. नळीच्या तोंडाशी बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप, सोडलेला श्वास बाहेर जाऊ देणारी आणि पाणी आत न येऊ देणारी. एवढंच. ज्याच्यासाठी मुंबईचे लोक इंग्रजीत पुस्तक लिहितात ते एवढंच. आंबटढाण बिमलीच्या फळांच्या रसात पितळ रात्रभर ठेवलं, विहिरीच्या गोड्या पाण्यात धुतलं, कण खरवडला, स्प्रिंग अर्धा आटा आवळली आणि जोडली.

मेव्हणा म्हणाला, "बरा. आता रीत म्हायत आसा मां? सुतार बसता तसो मिस्त्री उतरूक होयो."

माझं तोंड उतरलं. आतून बायकोचा आवाज आला.

"ह्यांका घागरीतला पाणी बघून घाम फुटता. आण हडे, मी उतरतंय."

लुगड्याचा कासोटा घट्ट मारून ती खडकाच्या आडोशाला गळ्याएवढ्या पाण्यात गेली. पाठीला टाकी, भावाने बांधलेली. डोकं खाली गेलं. बुडबुडे येत राहिले. आधी सरळ बसली, मग मान डावीकडे केली, मग उजवीकडे, मग उताणी. तिने हे कुणाकडून शिकलं नव्हतं. खाली काम करणारा माणूस लाकडाच्या ओंडक्यासारखा सरळ राहत नाही, एवढी अक्कल तिला होती. वर येऊन म्हणाली, "बरी आसा. पण डावीकडे मान केली की भुरभुरता." मी डबी परत उघडली. पडदा एका बाजूला सुरकुतला होता.

तेव्हापासून तसंच चाललं. मी दुरुस्त करायचो, ती पाण्यात बसायची, आणि ती "बरी आसा" म्हणाली की पाणबुडा डबी उचलायचा. माझ्याकडे कुणी बघायचंदेखील नाही. "वयनी, तू बघलंस मां?" एवढाच प्रश्न. तीस-पस्तीस डब्या तरी तिच्या तोंडातून गेल्या असतील. लोक मला 'इस्टोवालो' म्हणत आणि तिच्या शब्दावर दर्यात उतरत. हे मला आत कुठेतरी खुपत होतं. आज सांगतो, तेव्हा कबूल केलं नसतं.

मग साहेब आला. डब्या बनवणाऱ्या कंपनीचा माणूस, मुंबईहून बोटीने. पांढरी पँट, वाळूत बूट, वाळत घातलेल्या सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या वासाने नाकाला रुमाल. ठेकेदाराने त्याला सांगितलं होतं की इथे एक स्टोव्हवाला डब्या उघडतो. साहेब दुकानात आला, बसायला दिलेल्या स्टुलावर आधी रुमाल पसरला आणि मग बसला.

"मिस्त्री, हे शास्त्र आहे. हे असं कुणीही उघडायचं नसतं."

"चालतात ना पण," मी म्हटलं.

"चालणं वेगळं आणि प्रमाणित असणं वेगळं."

मी विचारलं, साहेबांना पोहता येतं का. म्हणाला, त्याच्या कामात त्याची गरज पडत नाही. मला मनातून हसू आलं. पण ह्या एका बाबतीत आम्ही दोघे एकाच माळेचे मणी होतो, ते मला तेव्हा दिसलं नाही.

त्याने एजन्सीचं काढलं. ह्या किनाऱ्यावर कंपनीला एक अधिकृत विक्रेता हवा होता, आणि तो मी होऊ शकत होतो. निळ्या पत्र्याची पाटी मिळणार, पांढऱ्या अक्षरांची. चौकटीतला दाखला मिळणार, माझं नाव छापून. त्याने कागद वाचून दाखवला. बिघडलेली डबी मी मुंबईला पाठवायची. तिथे ती दुरुस्त होणार, शिशाचं सील लागून परत येणार. सील मी तोडायचं नाही. तोडलं तर एजन्सी गेली. बाहेरून फडक्याने पुसायला हरकत नाही.

जेवायला बसल्यावर मी हे बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"म्हंजे उघडूची नाय, साफ करूची नाय, पाण्यात घालूची नाय. मगे तुमी करतलात काय तिका? आरती?"

"तुका नाय कळाचा गो. पाटी लागतली दुकानार."

"पाटी वाचून कोण दर्यात उतरता?"

मी ताटावरून उठलो. मला पाटी हवी होती. दुसरं कारण नाही. खारेपाटणला भाऊबंद हसले होते, 'पाण्याक भियाणारो' म्हणून. मालवणला 'इस्टोवालो' म्हणून राहिलो. चौकटीत नाव असलेला माणूस ह्या सगळ्यांच्या वर बसतो असं मला वाटलं. अशी समजूत तिसरी शिकलेल्यांचीच असते असं नाही; पुढे मी एम.ए. झालेले बघितले, तेही चौकटीसाठी तसेच लाळ गाळत होते.

सहीचा दिवस ठरला. साहेबाला ते थाटात करायचं होतं. बंदरावर वाळूत टेबल मांडलं, त्याच्यावर चादर, नारळ, साखर आणि कागद. ठेकेदार आला, पाणबुडे आले, जाळी विणणारे आपापल्या जागेवरून बघत राहिले. साहेबाने मुंबईहून दुरुस्त होऊन आलेली पहिली डबी काढली. चकचकीत, तारेत ओवलेलं शिशाचं सील. ती त्याने माझ्या मेव्हण्याच्या हातात दिली आणि सांगितलं, की हा आज हिच्यासह खाली जाईल आणि मग मी सही करायची. टाळ्या वाजवायला दोन माणसं सांगून ठेवलेली होती.

तेवढ्यात माझी बायको पुढे आली, कासोटा मारून.

"ही दुरुस्त कोणी केल्यान?"

"आमच्या मुंबईच्या कारखान्यात झाली," साहेब म्हणाला.

"तो खंय आसा?"

"कोण?"

"दुरुस्त करणारो."

"बाई, तो मुंबईत आहे."

"मगे तुमी तेच्या बदली इलात मां? उतरा पाण्यात."

जाळ्यांकडे हशा पिकला. साहेबाचे कान लाल झाले. "यंत्र तपासलेलं आहे. टेबलावर, नीट तपासलेलं."

"टेबलाक खंय श्वास लागता?" ती म्हणाली आणि भावाच्या हातातून डबी घेतली. भावाने निमूट टाकी तिच्या पाठीला बांधली. साहेब काही म्हणायच्या आत ती पाण्यात गेली होती.

बुडबुडे आले. सरळ होती तोवर ठीक. मग एकदम डोकं वर आलं आणि ती खोकत उभी राहिली. तोंडातून, नाकातून पाणी. तशीच बाहेर आली, टेबलासमोर उभी राहिली, चादरीवर पाणी ठिबकलं.

"हिच्यात पाणी येता. मान उजवीकडे घातली की भसकन येता. माज्या भावाक ही देव नकात."

तिने 'उजवीकडे' म्हटलं तेव्हाच मला कळलं. उजव्या नळीची चोच. रबर गोदामात उकाड्याने चिकटून वाकडं झालं असणार, तिचं तोंड पुरं मिटत नसणार. टेबलावर कोरडी ओढून बघितली तर ते कधीच दिसायचं नाही. मला हे सगळं त्या क्षणी, टेबलाला हात टेकून उभा असताना, माझ्या बोटांसारखं स्वच्छ दिसत होतं.

साहेब माझ्याकडे वळला. गोड आवाजात म्हणाला, "मिस्त्री, ह्यातले तज्ज्ञ तुम्ही. तुमचं काय मत?"

तज्ज्ञ. जन्मात मला कुणी तो शब्द लावला नव्हता.

मी म्हटलं, "साहेब, बाईमाणूस आहे. तिला सवय नाही. नळी दातांत नीट धरता आली नसेल."

 बंदरावरच्या प्रत्येकाला माहीत होतं की तिला सवय किती होती. ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, अनोळखी माणूस वाट विचारायला थांबला की आपण बघतो तसं. मग तिने टाकीचे पट्टे सोडले, टाकी वाळूत ठेवली, पदर पिळला आणि घराकडे चालू लागली.

मेव्हण्याने टाकीवरची डबी काढून टेबलावर ठेवली. "माका नको ही. तुमच्या साहेबाच्या गळ्यात घाला."

"अशिक्षित लोक," साहेब हसून म्हणाला. मीही हसलो. आणि सही केली. नावातलं एक अक्षर चुकलं, तेही त्यांनी तसंच चालवून घेतलं. अशी ही शास्त्रीय कंपनी.

पाटी लागली. निळी, पांढऱ्या अक्षरांची, सकाळच्या उन्हात चमकायची. तिच्याखाली मी बसायचो. गिऱ्हाईक एक नाही. पाणबुड्यांनी जुन्या डब्या आपापल्या हाताने ठोकून-बांधून चालवायला सुरुवात केली, सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून. ते माझ्याकडे येईनात. स्टोव्हवालेही यायचे कमी झाले, कुणी म्हणे की आता हा मोठा माणूस झालाय. समोरच्या पारावर बसणारे दोन म्हातारे होते, त्यांचा दिवस माझ्यावर जायचा.

"काय रे अधिकृत, आज काय इकलंस?"

"हवा इकता तो. दिसणा नाय तुका?"

ती सीलवाली डबी कपाटात, काचेच्या आड. मी ती रोज फडक्याने पुसायचो. कागदात तेवढीच परवानगी होती.

घरात ती वेळेवर जेवायला घालायची, कपडे धुवायची, आजारी पडलो तर कपाळाला हात लावायची. बोलायची गरजेपुरतं. एकदा एका परगावच्या होडीवाल्याने जुनी, बिनसीलाची डबी चोरून आणली. मी दुरुस्त केली, पण पाण्यात कोण बसणार? मी चुलीपाशी जाऊन म्हटलं, "गो, जरा बघतंस?"

"माका खंय कळता?" ती म्हणाली. "माका दातात धरूक येणा नाय."

 फुंकणीने चूल फुंकत राहिली. मला असा संताप आला की मी ओरडलो, तुझ्यामुळे माझी एजन्सी बसली. ती वळली.

"बसली? ती उभीच कधी रवली होती?"

असे दहा महिने गेले. तुम्हाला वाटेल ह्या दहा महिन्यांत मला पश्चात्ताप झाला असेल. काही झाला नाही. मी साहेबाला शिव्या दिल्या, बंदराला दिल्या, तिला दिल्या, तिच्या माहेराला दिल्या. माणूस चुकला की आधी तो आजूबाजूच्या सगळ्यांना तपासून बघतो, चूक त्यांच्यापैकी कुणाच्या अंगाला बसते का ते.

मग ठेकेदाराचा हुकूम आला. पावसाआधी काम संपवायचं होतं आणि वरून त्याला कुणीतरी खडसावलं होतं. सोमवारपासून जो खाली जाईल तो सीलवाल्या डबीनेच जाईल. जुन्या डब्या गोळा करून लाँचवर कुलपात. ज्याला मान्य नाही त्याने घरी बसावं. मुंबईहून आणखी पाच सीलवाल्या आल्या, सहावी माझ्या कपाटातली. ती माझ्या मेव्हण्याच्या वाटणीला आली, कारण पहिल्यापासून कागदावर ती त्याच्या नावाने होती. कागद विसरत नाही.

शनिवारी तो दुकानात आला. दहा महिन्यांत पहिल्यांदा.

"भावजी, सोमवारसाठी ती डबी काढून ठेवा."

"अरे, पण ती..."

"ती काय?" त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मुंबयसून तपासून इली मां ती? टेबलार?"

मी हातातलं फडकं कपाटाच्या काचेवरून फिरवलं.

"घरात तीन पोरां आसत," तो म्हणाला. "मी घरी बसाक शकणय नाय. मान उजवीकडे घालूचंय नाय, म्हंजे झाला." आणि हसला. बारा वाव, म्हणजे सत्तर फूट खाली, लोखंडाच्या पत्र्यांमध्ये, मान न वळवता काम करणार होता तो. दहा महिने मी त्याच्या बहिणीचं जे म्हणणं 'बाईमाणूस आहे, सवय नाही' म्हणून उडवत होतो ते त्याने एका वाक्यात खरं धरलं होतं, आणि तरी तो जाणार होता.

मी ठेकेदाराकडे गेलो. म्हटलं, ती डबी मला उघडून बघू द्या. तो म्हणाला, "मिस्त्री, सील तोडलं तर ती मी वापरू देणार नाही आणि तुमची पाटीही राहणार नाही. आणि त्या दिवशी तर तुम्हीच सांगितलंत ना, सगळं नीट आहे म्हणून?" बरोबर होतं त्याचं. सांगितलं मीच होतं, साखरेच्या ताटासमोर.

रविवार असाच गेला. बायकोने भावाच्या घरी दोनदा फेरी मारली. मला काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, आणि भांडणात माणसाला बरंच काही विसरता येतं.

सोमवारी सकाळी कपाट उघडून मी डबी काढली आणि बंदरावर गेलो. लाँच नांगरावर होती, टाक्या वाळूत ओळीने मांडलेल्या. मेव्हणा कमरेला पट्टा बांधत होता. बायको थोड्या अंतरावर रिकामी टोपली घेऊन उभी होती. मासळी नव्हती त्या दिवशी. टोपली नुसती हातात धरायला आणली होती.

मी डबी टाकीला जोडली आणि म्हटलं, "रीत आसा. ह्या डबीची पाटी माज्या दुकानार आसा. आधी मी उतरतंय."

 मग पारावरच्यांपैकी एक म्हातारा, तो इथेही हजर, ओरडला, "बघाक येवा रे! अधिकृत बुडाक चल्लो!"

मेव्हण्याने माझ्या पाठीला टाकीचे पट्टे बांधले. "भावजी, नको," एवढंच हळू म्हणाला. मी चालत राहिलो. पाणी गुडघ्याला, मांडीला, मग पोटाच्या वर. काळीज कुठे होतं मला ठाऊक नाही. नळी दातांत धरली. डोळे मिटून डोकं खाली घातलं. हवा आली. खरंच आली, थंड, रबराच्या वासाची. एक श्वास, दुसरा, तिसरा. मला वाटलं, बघ, चालते. तेवढ्यातसुद्धा माझ्या मनात आलं की ती खोटी ठरली तर बरं होईल. माणूस किती हलकट असू शकतो हे मला पाण्याखाली कळलं.

मग मी मान उजवीकडे वळवली.

भसकन. हाच शब्द तिने वापरला होता, आणि दुसरा शब्द नाही त्याला. खारं पाणी थेट घशात. पाय सुटले, टाकीने मला उलटा केला, वर कुठे आणि खाली कुठे काही कळेना. हात मारतोय तर वाळूच लागते. मग कुणीतरी केसांना धरून असा हिसडा दिला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी वर आलो. केस तिच्या मुठीत होते. पाणी तिच्या छातीएवढं होतं, माझ्या पोटाच्या थोडं वर. तेवढ्यात मी मरत होतो.

तिने मला ओढत वाळूवर आणलं. मी ओकलो. मेव्हण्याने कोयत्याने सीलची तार तोडली, नळी उपटली आणि आतली रबराची चोच काढून ठेकेदाराच्या तळहातावर ठेवली. एका कडेने चिकटलेली, दुसरीकडून वाकडी, बोट जाईल एवढी फट. ठेकेदाराने ती उलटसुलट करून बघितली. त्याने लाँचकडे हात करून सांगितलं की आज कुणी खाली जाणार नाही, बाकीच्या पाचही उघडा.

"बायन तां तेवाच सांगल्यान," मेव्हणा म्हणाला. कुणाला उद्देशून नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वाळूत हाताच्या आधाराने बसलो होतो. घसा सोलला होता.

"ती त्या दिवशी खरा बोलली," मी म्हटलं. "डबी गळत होती. माका म्हायत होता. खोटा मी बोललंय."

ती माझ्यासमोर उभी होती, कमरेवर हात, लुगडं ठिबकतंय, माझे चार केस अजून तिच्या बोटांत.

"मोठ्यान सांगा," ती म्हणाली. "थंय जाळ्याकडे बसलेल्या बापयांका आयकाक येवक नाय."

मी उठलो. धोतर सुटलं होतं, ते एका हाताने धरलं, आणि मोठ्याने सांगितलं.